चुंबकावर प्रकाशाचा अंमल

लोहचुंबकाची दिशा बदलावयाची असेल तर त्याच्याभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून त्यातून विजेचा प्रवाह सोडावा, आणि त्याचे चुंबकत्वच घालवावयाचे असेल तर तो रसरशीत तापवावा, ही दोन साधने मनुष्याच्या हाती फार दिवसांपासून आहेत. विद्युज्जनित्रापासून संगणकातील तबकडीपर्यंत चुंबकाशी जो व्यवहार आजवर झाला तो बहुतांशी यांच्याच बळावर झाला. लेसर आल्यानंतर त्याचा उपयोगही प्रथम भट्टीसारखाच करण्यात आला : चुंबक-प्रकाशीय तबकड्यांत लेसरने एक ठिपका तापवावयाचा आणि तो मऊ पडला की जवळच्या चुंबकीय क्षेत्राने त्याची दिशा फिरवावयाची, अशी ती योजना होती. क्षेत्राला बाजूस सारून एकटा प्रकाश हे काम करील, आणि तेही वेटोळ्याच्या आवाक्याबाहेरच्या त्वरेने करील, ही कल्पना जाणत्यांच्याही मनात नव्हती. १९९६ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे एरिक बोरपेर, ज्याँ-ईव्ह बिगो व त्यांचे सहकारी यांनी निकेलच्या सुमारे २० नॅनोमीटर जाडीच्या पटलावर ६० फेम्टोसेकंद टिकणारा लेसरचा स्पंद सोडला, आणि २ पिकोसेकंद उलटण्याच्या आत त्या पटलाचे चुंबकन जवळजवळ निम्म्यावर आलेले त्यांना आढळले. पुढील पानांत ज्या शास्त्रशाखेचा परिचय करून द्यावयाचा आहे तिचा जन्म ह्या प्रयोगात झाला.

फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश, आणि असे हजार फेम्टोसेकंद मिळून एक पिकोसेकंद होतो. सेकंदाला ३ लक्ष किलोमीटर जाणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात एका मायक्रॉनचा तिसरा हिस्सादेखील ओलांडीत नाही, एवढे सांगितले म्हणजे कालाच्या ह्या मापाची कल्पना यावी. तथापि स्ट्रासबूरच्या प्रयोगाचे नवल केवळ लहान आकड्याचे नव्हते. त्याच्या पाच वर्षे आधी, १९९१ मध्ये, झुरिक येथे गॅडोलिनियमवर झालेल्या मोजणीत इलेक्ट्रॉनांच्या परिवलनांना, म्हणजे ज्या गुणातून चुंबकन उपजते त्या गुणाला, स्फटिकाच्या जालकाशी, म्हणजे त्यातील अणूंच्या सुबद्ध मांडणीशी, समतोल साधण्यास १०० पिकोसेकंदांच्या घरातली मुदत लागते असे दिसून आले होते, आणि तत्कालीन सिद्धांतही त्याला अनुकूल होता. निकेलने ती मुदत पाळली नाही, आणि निसर्गनियमांची चौकट शाबूत असताना असे कसे घडले याचा खुलासा देणे पदार्थविज्ञानाला भाग पडले.

हा खुलासा इतका अवघड का, हे समजण्यासाठी चुंबकन ही कशाची बेरीज आहे ते आधी पाहिले पाहिजे. इलेक्ट्रॉनाला परिवलन नावाचा एक अंगभूत गुण असतो आणि त्या गुणाबरोबर कोनीय संवेगाची एक ठरीव मात्रा येते. लोह, कोबाल्ट, निकेल यांसारख्या द्रव्यांत शेजारशेजारच्या अणूंमधली परिवलने एकाच दिशेला लागलेली असतात, आणि त्यामुळे एरवी परस्परांना मारून टाकणाऱ्या सूक्ष्म चुंबकीय आघूर्णांची बेरीज आपल्या हातातल्या होकायंत्रापर्यंत पोहोचते. चुंबकन आणि कोनीय संवेग ही एकाच वस्तूची दोन अंगे आहेत याचा रोकडा पुरावा १९१५ मध्ये आइन्स्टाइन आणि वांडर द हास यांनी बर्लिन येथे दिला : तारेला टांगलेल्या लोखंडी दंडगोलाचे चुंबकन उलटविले की दंडगोल स्वतःच किंचित वळतो, कारण परिवलनांनी जो संवेग गमावला तो लोखंडाच्या सबंध शरीराला मिळतो. कोनीय संवेग नष्ट होत नाही. त्याचा जमाखर्च असा आहे की एका खात्यातून निघालेली रक्कम दुसऱ्या कोठल्या तरी खात्यात रुजू झालेली दाखविता आलीच पाहिजे. मग निकेलच्या पटलाने दोन पिकोसेकंदांच्या आत जी एवढी रक्कम गमावली ती कोणाच्या खाती पडली? माझ्या मते ह्या सबंध शाखेचा इतिहास म्हणजे ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे, आणि प्रकाशाने चुंबक उलटविण्याची कला ही त्या पाठपुराव्यातून हाती आलेली देणगी आहे. उपयोगाच्या लोभाने हा विषय वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर त्याला पुढचे प्रयोग सुटे सुटे चमत्कार वाटतील.

क्षेत्राने चुंबकन वळविण्याच्या जुन्या रीतीची मर्यादा येथेच सांगून टाकतो. चुंबकीय क्षेत्र लावले की चुंबकन त्याच्या दिशेकडे सरळ जात नाही. ते क्षेत्राच्या अक्षाभोवती शंकू आखीत फिरते आणि फिरता फिरता ऊर्जा गमावून हळूहळू त्या अक्षाशी जुळते. ह्या गतीचे समीकरण लांडाऊ आणि लिफ्शित्स यांनी १९३५ मध्ये मांडले. १ टेस्ला क्षेत्रात ही फेरी सेकंदाला सुमारे २८ अब्ज वेळा होते, म्हणजे एका फेरीला ३६ पिकोसेकंद लागतात, आणि प्रयोगशाळेत सहज मिळणाऱ्या क्षेत्रांनी याहून फारशी घाई करता येत नाही. घाई करून पाहण्याचा एक धाडसी प्रयत्न स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरकावर झाला : तेथील शक्तिमान इलेक्ट्रॉन-पुंजाभोवती उमटणाऱ्या २.३ पिकोसेकंदांच्या क्षेत्रस्पंदाने लेखन-तबकडीचे द्रव्य उलटविण्याचा यत्न करण्यात आला, आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की इतक्या अल्प काळात उलटणे बेभरवशाचे होते. काही कण वळतात, काही वळत नाहीत.

परंतु चुंबकाच्या पोटातच याहून कितीतरी मोठी शक्ती वास करीत असते. शेजारच्या परिवलनांना एका दिशेला धरून ठेवणाऱ्या शक्तीचा अदमास प्येर वाइस यांनी १९०७ मध्ये एका काल्पनिक अंतर्गत क्षेत्राच्या रूपाने केला, आणि १९२८ मध्ये हायझेनबर्ग यांनी ती विनिमय आंतरक्रिया आहे, तिचे मूळ विद्युत् प्रतिसारणात व पुंजयामिकीच्या नियमांत आहे, असे दाखविले. लोहात ही शक्ती क्षेत्राच्या भाषेत सांगावयाची तर हजार टेस्लांच्या घरात जाते. हजार टेस्लांत एक फेरी पुरी होण्यास ४० फेम्टोसेकंदही लागणार नाहीत. आपल्या वेटोळ्यांनी हे क्षेत्र निर्माण होणे शक्य नाही. पण ते निर्माण करण्याची गरजच नसून जे आधीच आत नांदते आहे त्याचा समतोल क्षणभर ढळविणे पुरेसे आहे, हे लेसरच्या स्पंदाने शिकविले.

एवढ्या अल्प अवधीतले फेरफार टिपावयाचे कसे, हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेलच. कोणतेही विद्युत्-उपकरण फेम्टोसेकंदांना पुरे पडत नाही. म्हणून लेसरच्या किरणाचेच दोन भाग करतात : त्यातला बळकट भाग नमुन्याला हादरा देतो, आणि दुसरा, मुद्दाम दुबळा ठेवलेला भाग, मागाहून येऊन नमुन्याची अवस्था पाहून जातो. मागाहून म्हणजे किती मागाहून, हे एका सरकत्या आरशाने ठरते. दुबळ्या किरणाच्या वाटेतला आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की जाण्यायेण्याचे मिळून ०.३ मिलिमीटर अंतर वाढते, आणि किरण बरोबर एक पिकोसेकंद उशिरा पोहोचतो. हादरा देणे आणि पाहणे ही जोडी सेकंदाला हजारो वेळा चालू ठेवून, आरसा तसूतसूने सरकवीत, एकेका क्षणाचे चित्र जुळवून सबंध घटना उभी केली जाते. कालाचे हे मोजमाप शेवटी एका आरशाच्या सरकण्यावर येऊन ठेपते, यातली सुबकता मला नेहमी मोह घालते.

दुबळा किरण चुंबकन पाहतो ते कशाच्या आधारे? येथे आपल्याला एकोणिसाव्या शतकाचे दप्तर उघडावे लागते. १८४५ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी स्वतः तयार केलेल्या जड काचेतून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश जाऊ दिला आणि काचेला चुंबकाजवळ ठेवले, तेव्हा प्रकाशाच्या ध्रुवणाचे प्रतल फिरलेले त्यांना दिसले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध प्रयोगाने सिद्ध झाला तो हाच प्रसंग. पुढे ग्लासगोचे जॉन केर यांनी चुंबकाच्या घासून लखलखीत केलेल्या ध्रुवावरून परावर्तित झालेल्या प्रकाशातही असाच फेरफार होतो हे १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. आजच्या प्रयोगशाळांत चुंबकन वाचले जाते ते बहुधा केर यांच्या ह्या परिणामाने : परावर्तित किरणाचे प्रतल किती वळले यावरून चुंबकन किती उरले ते कळते. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात ह्याच पद्धतीने चुंबकीय पटलांवर आणि सूक्ष्म रचनांवर वर्षानुवर्षे काम चालले आहे.  

फॅरडे-केर यांच्या ह्या साक्षीवरच पुढे आक्षेप घेण्यात आला. निकेलवर लेसरचा हादरा बसताच त्यातील इलेक्ट्रॉन इतके अस्ताव्यस्त होतात की परावर्तित प्रकाशातला फरक चुंबकन घटल्यामुळे पडला की केवळ इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलल्यामुळे पडला हे सांगता येत नाही, असे नेदरलंड्समधील बर्ट कोपमन्स यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले. पहिल्या काहीशे फेम्टोसेकंदांत प्रतलाचे वळण आणि किरणाची विवृत्तता ही दोन मापे परस्परांशी जुळतच नव्हती. हा आक्षेप रास्त होता, आणि त्याच्यामुळे शास्त्राचे भलेच झाले, कारण मग केवळ दृश्य प्रकाशाच्या साक्षीवर विसंबणे संपले. वर्तुळ-ध्रुवित, म्हणजे ज्यांचे ध्रुवण उजवीकडे वा डावीकडे फिरत जाते अशा, क्ष-किरणांनी प्रत्येक मूलद्रव्याचे चुंबकन निरनिराळे तपासता येते. बर्लिनच्या सिंक्रोट्रॉनवर अशा क्ष-किरणांच्या फेम्टोसेकंद स्पंदांनी निकेल पुन्हा पाहण्यात आले, आणि चुंबकन खरोखरीच काहीशे फेम्टोसेकंदांत ओसरते हे २००७ मध्ये निश्चित झाले.

आता कोनीय संवेगाच्या खात्याकडे वळू. पहिला संशय साहजिकच प्रकाशावर जातो. वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या प्रत्येक फोटॉनाजवळ कोनीय संवेगाची एक मात्रा असते, याचा प्रायोगिक पुरावा १९३१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि सूरी भगवंतम् यांनी भारतातच मांडला, आणि १९३६ मध्ये रिचर्ड बेथ यांनी धाग्याला टांगलेली स्फटिकाची चकती अशा प्रकाशाने प्रत्यक्ष वळवून दाखविली. परंतु स्ट्रासबूरसारखे प्रयोग प्रतल-ध्रुवित प्रकाशाने करतात, आणि त्याच्याजवळ देण्याघेण्याला निव्वळ कोनीय संवेग नसतोच. तेव्हा रक्कम प्रकाशाने नेली नाही. दुसरा मार्ग उप्सालाच्या मार्को बत्तियातो, कारेल कार्वा आणि पेटर ओपेनीर यांनी २०१० मध्ये सुचविला : तप्त इलेक्ट्रॉनांपैकी एका दिशेच्या परिवलनाचे इलेक्ट्रॉन अधिक वेगाने पटलातून निघून शेजारच्या धातूत जातात, म्हणजे चुंबकन मरत नाही, ते स्थलांतर करते. तिसरा मार्ग जालकाकडे जातो, आणि त्याचा माग लागण्यास आणखी काही वर्षे लागली. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर लोहाच्या पटलाची तपासणी करताना झुरिकच्या संशोधकांना असे आढळले की गमावलेल्या कोनीय संवेगापैकी सुमारे ८० टक्के वाटा २०० फेम्टोसेकंदांत जालकाला मिळतो आणि पटलात एक आडवी विकृतीची लाट निघते. १९१५ चा दंडगोल जसा वळला तसेच हे वळणे, फक्त कालाचे माप निराळे. त्यानंतर २०२२ मध्ये कॉन्स्टान्झ येथे इलेक्ट्रॉन-विवर्तनाने निकेल पाहण्यात आले, तेव्हा चुंबकनाला लंब असलेल्या प्रतलात अणू २ पिकोमीटर आयामाने डोलू लागल्याचे दिसले, आणि हे डोलणे ७५० फेम्टोसेकंदांच्या आत प्रकट झाले होते. हायड्रोजनाच्या अणूच्या व्यासाचाही जेमतेम पन्नासावा हिस्सा भरेल इतके हे डोलणे, आणि त्यातच हरवलेल्या चुंबकनाचा हिशेब लागला.

चुंबकन घटविणे आणि ते आपल्या इच्छेप्रमाणे उलटविणे यांत महदंतर आहे, आणि दुसऱ्या कार्यात नेदरलंड्समधील नाइमेखन या शहराचे नाव अग्रभागी येते. २००५ मध्ये तेथील अलेक्सेई किमेल, थिओ रासिंग आणि त्यांचे रशियन सहकारी यांनी डिस्प्रोसियमच्या ऑर्थोफेराइटमध्ये दाखविले की वर्तुळ-ध्रुवित स्पंद द्रव्याला न तापविताही परिवलनांना हलवितो, जणू प्रकाश चालू असेपर्यंत तेथे एक चुंबकीय क्षेत्रच उभे राहिले. स्पंदाचे वळण उजवे की डावे यावर हलण्याची दिशा अवलंबून असते. हा फॅरडेच्या परिणामाचा उलटा परिणाम असून त्याचे भाकीत १९६० च्या सुमारास पितायेव्स्की यांनी केले होते. पुढे २००७ मध्ये ह्याच गटाने, जपानच्या निहोन विद्यापीठातील त्सुकामोतो आणि इतोह यांनी तयार केलेल्या गॅडोलिनियम-लोह-कोबाल्टच्या मिश्रधातूवर, ४० फेम्टोसेकंदांच्या वर्तुळ-ध्रुवित स्पंदांनी चुंबकीय ठिपके उमटविले : उजव्या वळणाच्या प्रकाशाने एक दिशा, डाव्या वळणाच्या प्रकाशाने विरुद्ध दिशा, आणि आसपास कोठेही बाह्य क्षेत्र नाही. साहजिकच सर्वांनी असे मानले की प्रकाशाचे वळणच चुंबकाला वळण देते.

खरा प्रकार निराळा निघाला. ह्या मिश्रधातूत लोह-कोबाल्टची परिवलने एका दिशेला आणि गॅडोलिनियमची विरुद्ध दिशेला असतात. २०११ मध्ये इली राडू आणि सहकाऱ्यांनी बर्लिनला क्ष-किरणांनी ही दोन मूलद्रव्ये वेगवेगळी पाहिली, तेव्हा लोहाचे चुंबकन ३०० फेम्टोसेकंदांतच शून्य पार करून उलट्या बाजूला गेलेले दिसले, पण गॅडोलिनियमला तेथवर पोहोचण्यास सुमारे १.५ पिकोसेकंद लागले. मधल्या अवधीत, ज्यांनी जन्मभर विरुद्ध तोंड करून राहावयाचे ती दोन्ही परिवलने एकाच दिशेला उभी होती. ही अवस्था कोठल्याही तापमानाच्या समतोलात आढळत नाही. तिचा अर्थ असा की लोहाने आपले चुंबकन आधी गमावले आणि नंतर गॅडोलिनियमकडून निघणारा कोनीय संवेग विनिमय आंतरक्रियेच्या वाटेने त्याच्या खात्यात जमा होत गेला, इतका की शून्यावर थांबण्याऐवजी ते पलीकडे गेले. देवघेव घरातल्या घरातच झाली. याचे निर्णायक प्रमाण २०१२ मध्ये थॉमस ऑस्लर व सहकाऱ्यांच्या कामात मिळाले : प्रतल-ध्रुवित स्पंद, ज्याला कसलेच वळण नाही, तोही हे चुंबकन उलटवितो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर पहिल्या स्पंदाने पांढऱ्या भूमीवर काळा ठिपका येतो, दुसऱ्याने तो पांढरा होतो, तिसऱ्याने पुन्हा काळा, आणि विषम-सम असा हा क्रम प्रत्येक स्पंदाला तंतोतंत चालतो. तापविण्याने सुव्यवस्था मोडते असे आपण शाळेपासून शिकतो, आणि ते खरेही आहे. येथे मात्र अचानक दिलेल्या उष्णतेतून एक निश्चित, दरवेळी तोच निष्कर्ष निघतो, आणि २००७ मधले प्रकाशाचे वळण हे मुख्यतः दोन दिशांच्या प्रकाश-शोषणातला थोडासा फरक ठरते. ह्या प्रकरणापुढे मी पुनःपुन्हा थांबलो आहे, आणि वाचकानेही येथे घाई करू नये असे मला वाटते.

उपयोगाच्या बाजूने दोन अडचणी अद्याप उभ्या आहेत आणि त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. पहिली ठिपक्याच्या आकाराची : ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर भिंगाने कितीही एकवटला तरी त्याचा ठिपका तरंगलांबीहून फार लहान होत नाही, तर आजच्या तबकडीवरचा एक बिंदू शंभर नॅनोमीटरांहूनही बराच लहान असतो. दुसरी उष्णतेची. तिच्यावर एक उपाय २०१७ मध्ये पोलंडमधील ब्यालिस्टॉक येथे आंद्रेई स्तुपाकेविच आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट मिसळलेल्या पारदर्शक गार्नेटमध्ये दाखविला. तेथे प्रतल-ध्रुवित स्पंदाचे प्रतल फिरविले की चुंबकन कोणत्या दिशेला बसावे हे बदलते, आणि पारदर्शक द्रव्यात शोषण अल्प असल्याने तापणेही अल्प असते. आता बाजारात आलेल्या उष्णता-साहाय्यित तबकड्यांतला लेसर मात्र जुन्याच रीतीने केवळ तापवितो. दिशा फिरविण्याचे काम तेथे अजून क्षेत्राच्याच शिरावर आहे.

लेखनाच्या दृष्टीने अधिक मोलाची द्रव्ये म्हणजे कोबाल्ट आणि प्लॅटिनम यांचे एकावर एक दिलेले थर. २०१४ मध्ये नान्सी आणि सान डिएगो येथील संशोधकांनी, स्तेफान मांजँ आणि एरिक फुलर्टन यांच्या मार्गदर्शनाखाली, अशा थरांतही प्रकाशाने दिशा फिरविता येते हे दाखविले. परंतु तेथे एक स्पंद पुरत नाही, अनेक स्पंदांच्या माऱ्याने ठिपका हळूहळू एका बाजूला झुकतो. आत विरुद्ध दिशेचा जोडीदार नसल्याने घरातल्या घरात देवघेव होण्यास तेथे वावच नाही. मग जोडीदार बाहेर ठेवला तर? गॅडोलिनियमच्या मिश्रधातूचा थर, त्यावर तांब्याचा पातळ थर, आणि त्यावर कोबाल्ट-प्लॅटिनम, अशी रचना करून एकच स्पंद सोडला, तेव्हा खालच्या थराने गमावलेला कोनीय संवेग परिवलन-प्रवाहाच्या रूपाने तांबे ओलांडून वरच्या थरात गेला आणि वरचा थर उलटला. उप्सालाच्या सिद्धांतातले स्थलांतर येथे कामाला जुंपले गेले. इतक्यावर न थांबता नान्सीच्या गटाने २०२३ मध्ये गॅडोलिनियम अजिबात वगळले : कोबाल्ट-प्लॅटिनमचे दोन थर, मध्ये तांबे, आणि एका फेम्टोसेकंद-स्पंदाने त्यांपैकी एक थर एका पिकोसेकंदाच्या आत उलटा. दोन्ही थर विरुद्ध असताना त्यांतला एक वळून समांतर होतो, हे समजण्यासारखे होते, कारण एका थरातून निघालेला संवेग दुसऱ्याला आपल्याच दिशेकडे ओढणार. पण दोन्ही थर समांतर असताना त्यांतला एक वळून विरुद्ध होतो, हेही त्यांना दिसले. तो उलट्या चिन्हाचा संवेग नेमका कोठल्या थरातून, कोणत्या क्षणी आणि कोणत्या परावर्तनाने येतो याविषयीच्या मतांची छाननी आता चालू आहे.